चार मशिनवर लायनक्स टाकलं, दोनवर टिकलं: तालुक्यातल्या एका झेरॉक्स-डीटीपी दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, तहसील कचेरीच्या समोरच्या गाळ्यांमधलं एक दुकान. झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, मराठी टायपिंग आणि सीझनला लग्नपत्रिका. गावाचं नाव देत नाही, मालकांनी त्याच अटीवर लिहायला परवानगी दिलीय. मी त्याच गावात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो आणि या दुकानाचा मेंटेनन्स बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांसमोर घडलंय.

दुकानात मशिन चार. एकावर मालक, म्हणजे दादा, स्वतः बसतात, डिझाइनचं काम, म्हणजे कोरल आणि जुनं फोटोशॉप. दुसऱ्यावर वहिनी मराठी टायपिंग करतात, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, अर्ज वगैरे. तिसरं काउंटरवरचं, गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतं किंवा व्हॉट्सॲपवर पाठवतं ते प्रिंट काढायला. चौथ्यावर एक पोरगा ऑनलाइन फॉर्म भरतो. चारही मशिन चौथ्या जनरेशनच्या आय-थ्री, आठ जीबी रॅम, एसएसडी टाकून घेतलेली, म्हणजे कामाला आजही काही वाईट नाहीत.

अडचण काय होती

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे सगळ्यांना माहितीय. विंडोज ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते इथे एकाही मशिनमध्ये नाही. स्क्रीनवर ती सूचना यायला लागली तसे दादा वैतागले, चांगली चालणारी मशिन भंगारात का काढायची म्हणून. चिडणं बरोबरच होतं.

त्यात काउंटरवरच्या मशिनचं जुनं दुखणं, पेन ड्राइव्ह. अख्ख्या तालुक्याचे पेन ड्राइव्ह त्या एका यूएसबी पोर्टमध्ये येऊन जातात आणि तो शॉर्टकटवाला व्हायरस (खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवून ठेवतो) दर थोड्या दिवसांनी परत यायचाच. गिऱ्हाईकाला वाटायचं दुकानानेच फाइल उडवली.

दादांचा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला. तो दिवाळीला आला होता, म्हणाला मामा विंडोज काढून लायनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकू, फुकट आहे, व्हायरस नाही, जुन्या मशिनवर पळतं. यातलं फारसं काही खोटं नाही, व्हायरस लायनक्सलाही असतात पण पेन ड्राइव्हवरचे हे विंडोजचे तिथे चालत नाहीत.

कोणते पर्याय होते

पहिला, विंडोज १० वरच राहायचं आणि वाढीव सिक्युरिटी अपडेट घ्यायचे. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग सिंक चालू ठेवलं तर पैसे न भरता. धंद्याच्या मशिनला रीतसर पहिल्या वर्षी ६१ डॉलर एका मशिनला आणि पुढे दरवर्षी दुप्पट. चार मशिनचा हिशोब दादांनी कॅल्क्युलेटरवर केला आणि कॅल्क्युलेटर उलटा ठेवला.

दुसरा, तपासणी चुकवून विंडोज ११ जबरदस्तीने टाकायचं. चालतं, मी केलंय लोकांना, पण पुढचा मोठा अपडेट येईल की नाही याची हमी कुणी देत नाही.

तिसरा, सेकंडहँड आठव्या जनरेशनची मशिन घ्यायची. चारही एकदम घेणं त्यांना झेपणारं नव्हतं.

चौथा पर्याय कागदावर कुणी मांडत नाही पण आपल्याकडे सगळ्यात जास्त तोच वापरला जातो. तीनशे रुपयांत फॉर्मॅट, त्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून मिळतं, कुठून आलं ते विचारायचं नाही. लायनक्सचे लोक फुकटपणाचं एवढं कौतुक करतात ना, ते युरोपात ठीक आहे, आपल्या गावात लायनक्सची स्पर्धा दहा-बारा हजारांच्या लायसनशी नसते, या तीनशे रुपयांशी असते. आणि तीनशे रुपयांत माणूसही मिळतो, बिघडलं तर संध्याकाळी येऊन बघणारा.

पाचवा, लायनक्स. भाच्याने लायनक्सचा मिंट हा प्रकार निवडला, २२ ची मालिका, उबुंटू या दुसऱ्या प्रकाराच्या २४.०४ वर आधारलेली आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणारी. निवड चांगली होती, विंडोजवरून येणाऱ्या माणसाला खाली तोच पट्टा, तोच मेनू दिसतो. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस हे लायनक्स पण निघालं बोलण्यात, पण अडचण आली तर नेटवर उत्तरं उबुंटू-मिंटचीच सापडतात म्हणून ते मागे पडलं.

मी म्हणत होतो की आधी काउंटरचं आणि फॉर्मचं मशिन करा, बाकी दोन बघू. भाच्याचं म्हणणं, अर्धवट केलं तर कुणी शिकत नाही. पाडव्यानंतर दुकान दोन दिवस बंद होतं, चारही मशिन एकदम झाली.

काय तपासलं आणि काय राहिलं

भाच्याने आधी मशिनवर काही न टाकता पेन ड्राइव्हवरूनच मिंट लाइव्ह चालवून दाखवलं. वायफाय लागलं, यूट्यूब चाललं, आवाज आला, एक्सेलची फाइल उघडली, बूट व्हायला पूर्वीच्या निम्मा वेळ. दादा खूश. पण बघा, यात तपासलं काय गेलं तर ऑपरेटिंग सिस्टिम. दुकानातलं काम तपासलंच गेलं नाही. वहिनींना खुर्चीत बसवून एक भाडेकरार टाइप करायला लावला असता आणि त्याची प्रिंट काढली असती तर पुढच्या निम्म्या गोष्टी तिथेच, काही पुसायच्या आधी कळल्या असत्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला निर्णयाचा खरा क्षण हा होता.

एक गोष्ट मात्र भाच्याने शहाण्यासारखी केली. चारही मशिनचा डेटा आणि जुन्या विंडोजची पूर्ण इमेज (सेटिंगसकट जशीच्या तशी प्रत) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवली.

पहिले काही आठवडे

प्रिंटरपासून सुरू करतो कारण झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटर बंद म्हणजे दुकान बंद. काउंटरवरचा लेझर प्रिंटर जुना, स्वस्त, दणकट, टोनर भरून भरून चालणारा, असा प्रिंटर तुम्हाला निम्म्या दुकानांत दिसेल. पण स्वस्त प्रिंटर स्वस्त का असतो तर त्याला स्वतःची भाषा नसते. महागड्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल समजतं, त्याला पान कसं दिसायला हवं ते सांगितलं की तो ते आत तयार करतो. या स्वस्तवाल्यात अख्खं पान कॉम्प्युटरच ठिपक्या-ठिपक्यांनी बनवून देतो आणि ते कसं पाठवायचं हे फक्त कंपनीच्या ड्रायव्हरला माहिती असतं. कंपनीने लायनक्सचा ड्रायव्हर काढला होता, पण तो जुना, त्याला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात, आणि मागे एक वेगळी सर्व्हिस सतत चालू राहावी लागते. भाच्याने ते जमवलं, प्रिंट आली, टाळ्या. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, प्रिंटर बंद होऊन चालू झाला आणि जॉब रांगेत अडकले. स्क्रीनवर 'प्रोसेसिंग', प्रिंटरचा हिरवा दिवा शांत. काउंटरवर सात-बारा घेऊन माणसं उभी आणि पोरगा टर्मिनल उघडून वहीत लिहून ठेवलेली कमांड एकेक अक्षर बघून टाइप करतोय. आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको.

यात लायनक्सची चूक किती? तांत्रिकदृष्ट्या काहीच नाही, ड्रायव्हर कंपनीने सांभाळला नाही. पण हे वाक्य काउंटरवरच्या माणसाला सांगून बघा.

मग मराठी. हा भाग जरा सविस्तर लिहितो कारण लायनक्सवर लिहिणारे बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत.

वहिनींचे दहा-बारा वर्षांचे सगळे फॉरमॅट जुन्या फाँटमध्ये. कृतिदेव आणि त्या जातीचे फाँट, म्हणजे युनिकोड या आजच्या प्रमाणित पद्धतीच्या आधीचे. त्यात फाइलमध्ये साठवलेली अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजीच असतात, फाँट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे क, आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क्. फाँटची फाइल लायनक्सवर कॉपी केली की मजकूर दिसतो, त्यामुळे पहिल्या नजरेला वाटलं जमलं. पण लिब्रेऑफिसमध्ये ऑटोकरेक्ट मुळातच चालू असतं, वाक्याचं पहिलं अक्षर ते आपोआप कॅपिटल करतं. वहिनी 'करारनामा' टाइप करतात, स्पेस देतात आणि सुरुवातीचा क मोडून क् होतो. परत दुरुस्त केलं, परत पुढच्या परिच्छेदाला तेच. शिवाय सगळ्या पानभर लाल नागमोडी रेघा, कारण स्पेलचेकरला ते चुकीचं इंग्रजी वाटतं. वर्डमध्येही हे सगळं होतंच, पण तिथे ते कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलं होतं आणि तो कुणीतरी कोण हे आता कुणालाच आठवत नाही.

ऑटोकरेक्ट मी बंद करून दिलं. मग कीबोर्ड. वहिनी मराठी टायपिंगची ३० आणि ४० ची परीक्षा पास, बोटांना टाइपरायटरचा कीबोर्ड बसलेला. विंडोजवर त्या यूएसबी लॉकवर चालणारं मराठी सॉफ्टवेअर वापरायच्या, ते लायनक्सवर येत नाही. लायनक्समध्ये टायपिंगच्या पद्धतींत इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, चक्क गमभन पण आहे, टाइपरायटरसारखं रेमिंग्टन मिळालं ते हिंदीचं, आणि त्याच्या कळा वहिनींच्या सवयीशी पूर्ण जुळेनात. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मी पान बारा मिनिटांत काढत होते, आता अर्धा तास लागतोय आणि वकील समोर बसलेत."

युनिकोडमध्ये सगळं नवीन करायचं असंही ठरवून पाहिलं. तो रस्ता लांब पल्ल्याला बरोबरच आहे आणि सरकारी कामात युनिकोडच मागतात. पण जुन्या फाइल कन्व्हर्टरमधून काढल्या की रफार इकडचा तिकडे जातो, ऱ्या तुटतो, आणि भाडेकरारात एखाद्या नावाचा रफार हलला तर ती चूक कोर्टात सापडते. लिब्रेऑफिसची आणखी एक गंमत, स्टाइलमध्ये देवनागरीचा फाँट आणि साइज इंग्रजीपासून वेगळ्या खान्यात असतात, ते न समजल्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर तसाच राहतो आणि माणूस चक्रावतो. आणि मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर बऱ्याच फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी म्हणून लावावी लागते, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. हे सगळं सुटणारं आहे. प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे. पण प्रत्येक उत्तर कुणीतरी शोधून आणून द्यायला हवं, आणि भाचा तोपर्यंत पुण्याला परत गेला होता.

दादांच्या मशिनवर जुनं फोटोशॉप वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर लायनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम) चक्क उघडलं, पासपोर्ट फोटो लावायची ॲक्शनसुद्धा चालली. रंग मात्र प्रिंटला वेगळे, चेहरे पिवळट. कोरलचं काहीच झालं नाही. इंकस्केप हे लायनक्सवर चालणारं फुकटचं डिझाइन सॉफ्टवेअर कोरलच्या जुन्या सीडीआर फाइल उघडतं पण लग्नपत्रिकेतले रंगांचे शेड आणि मराठी मजकूर हलतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा ऑफसेटवाला सीडीआरच मागतो. इंकस्केप चांगलं की वाईट हा प्रश्नच येत नाही, समोरचा जे मागतो ते द्यायचं असतं. (कोरलने २००० साली लायनक्ससाठी कोरलड्रॉ ९ काढलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी स्वतःचं लायनक्सही, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.)

नोव्हेंबर उजाडला आणि पेन्शनर लोक हयातीच्या दाखल्याला यायला लागले. अंगठ्याच्या मशिनला आधारसाठी आरडी सर्व्हिस (ठसा सुरक्षितपणे पाठवणारं सॉफ्टवेअर) लागते, दुकानातल्या मशिनची ती विंडोज आणि अँड्रॉइडलाच मिळाली. जीवन प्रमाणचं पीसीवरचं सॉफ्टवेअर पण विंडोजचंच. सकाळी आठपासून म्हातारी माणसं बाकड्यावर. तेव्हा फॉर्मवाल्या पोराने स्वतःच्या डोक्याने मार्ग काढला, अंगठ्याचं मशिन ओटीजी केबलने मोबाइलला जोडलं. आणि ज्यांच्या बोटांचे ठसे उमटतच नाहीत त्यांचं मोबाइलवर चेहऱ्यावरून केलं, ती सोय २०२१ पासून आहेच. खरं सांगायचं तर हे आधीपेक्षा बरं चाललं, शेतात राबलेल्या बोटांना ते मशिन तसंही दहादा नाही म्हणायचं.

एक किस्सा अजून. चौथ्या मशिनला वायफायचा छोटा डोंगल आहे. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लायनक्सच्या गाभ्यात) नव्हता, भाच्याने बाहेरून टाकलेला. एके दिवशी अपडेट झाला, कर्नल बदलला, सकाळी वायफाय गायब. ड्रायव्हर परत बसवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही. मोबाइल यूएसबीने लावून टेदरिंग केलं तेव्हा सुटलं. आता तिथे सरळ केबल ओढलीय.

काय चांगलं झालं

सगळं रडगाणं नको. काउंटरवर शॉर्टकट व्हायरस गेला तो गेलाच, गिऱ्हाईकाच्या पेन ड्राइव्हमध्ये लपवलेले फोल्डर लायनक्सवर सरळ दिसतात, त्यामुळे दुसऱ्या दुकानात हरवलेल्या फाइल इथे सापडतात अशी ख्याती झालीय. फॉर्मच्या मशिनवर काम ब्राउझरचंच. लाडक्या बहिणीची ई-केवायसी ओटीपीवर होती, ती गर्दीतही बिनातक्रार झाली. स्कॉलरशिपचे फॉर्म, परीक्षांचे फॉर्म, सगळं ठीक. अचानक अपडेट सुरू होऊन मशिन अडकलंय असं एकदाही नाही.

मागे कसं फिरवलं

नोव्हेंबरच्या मध्यावर दादा, वहिनी आणि मी बसलो. दादांचं म्हणणं होतं सगळंच परत विंडोज करून टाक. रागात होते. मी म्हटलं मशिनवार नको, कामावार बघू. कागदावर कामं लिहिली आणि प्रत्येकासमोर, ते कशामुळे अडतं तेवढंच. त्यातून दिसलं की अडणारी कामं तीन जागी गोळा झालीत: मराठी टायपिंग, कोरल, आणि तो एक प्रिंटर. पहिली दोन कामं दोनच मशिनवर. प्रिंटर हलवता येतो.

वहिनींच्या मशिनवर विंडोज १० ची इमेज परत टाकली, दुपारभरात सगळं जसंच्या तसं. ती इमेज नसती तर यूएसबी लॉकवाल्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगसकट सगळं नव्याने उभं करावं लागलं असतं. वाढीव अपडेट त्या एका मशिनलाच घेतले. दादांना आठव्या जनरेशनचं सेकंडहँड मशिन, विंडोज ११ सकट, आणि त्यांचं जुनं मशिन सुट्ट्या पार्टसाठी ठेवलं. काउंटर आणि फॉर्म मिंटवरच.

जुना प्रिंटर वहिनींच्या मशिनला लावला. काउंटरवरून पीडीएफ शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, वहिनी तिथून प्रिंट देतात. चार दिवसांत वहिनी कंटाळल्या, स्वाभाविक आहे, टायपिंग सोडून दुसऱ्याच्या प्रिंट कोण काढणार. मग काउंटरला नवा लेझर घेतला. घेताना एकच गोष्ट बघितली, एअरप्रिंट (ॲपलची ड्रायव्हरशिवाय प्रिंट द्यायची सोय) आहे का. खोक्यावर ते लिहिलेलं असेल तर प्रिंटर आयपीपी ही सगळ्यांना समजणारी प्रिंटिंगची भाषा बोलतो, म्हणजे लायनक्सवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतो. केबल लावली, नाव दिसलं, प्रिंट आली. लाइट जाऊन आल्यावरही आली.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. आधी काउंटर आणि फॉर्म, महिनाभर चालवून मग बाकीच्यांचा विचार. आणि वेळ, दिवाळीनंतर लगेच नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा सीझन, त्याऐवजी जून-जुलैच्या ॲडमिशनची गर्दी ओसरल्यावरचा काळ बरा होता. नव्या प्रिंटरचे पैसे आधीच धरायला हवे होते, कारण 'फुकट' सिस्टिमसाठी शेवटी एक प्रिंटर आणि एक मशिन घ्यावं लागलंच. मशिन तसंही एक घ्यावं लागणारच होतं, हेही खरं.

सपोर्टचा प्रश्न मात्र क्रम बदलून सुटला नसता. गावात विंडोज फॉर्मॅट मारणारे आम्ही पाच-सहा जण आहोत, लायनक्स बघणारा कुणी नाही, मीसुद्धा या निमित्ताने शिकलो. यूट्यूबवर विंडोजचं काहीही हिंदीत सापडतं, मिंटवर मराठी टायपिंगचा प्रश्न विचारा, उत्तर दुसऱ्याच डिस्ट्रोचं (लायनक्सच्या प्रकाराचं) आणि पाच वर्षं जुनं मिळतं. एकच सॉफ्टवेअर टाकायचे चार मार्ग, कुठे डेब, कुठे फ्लॅटपॅक, कुठे स्नॅप, आणि प्रत्येक सांगणारा बाकीच्यांना नावं ठेवतो.

म्युनिक शहराच्या प्रशासनाचं उदाहरण लोक देतात. २००३ मध्ये ठरवलं, २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास मशिन लायनक्सवर नेली, पत्रांच्या फॉरमॅटसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहून घेतलं, आणि तरी २०१७ मध्ये विंडोजकडे परत जायचा ठराव झाला. त्यात राजकारण होतं हे मान्य, पण बाहेरच्यांशी फाइलींची देवाणघेवाण ही तक्रार तिथेही होतीच, म्हणजे आमच्या ऑफसेटवाल्याची सीडीआर. उलट केरळच्या सरकारी शाळांत लायनक्स वर्षानुवर्षं चालतंय, कारण सगळ्या शाळांना एकच सिस्टिम, शिक्षकांना ट्रेनिंग आणि अडलं तर विचारायला सरकारी यंत्रणा. आमच्या दुकानाकडे यातलं काही नव्हतं, एक भाचा होता.

सध्याची स्थिती

दोन मिंट, एक विंडोज ११, एक विंडोज १०. वहिनी नवीन फॉरमॅट युनिकोडमध्ये बनवायला लागल्यात, जुने लागतील तसे एकेक बदलतात, रफार स्वतः तपासून. विंडोज १० चे वाढीव अपडेट ऑक्टोबर २०२६ ला संपतील तेव्हा त्या मशिनचं काय करायचं हे ठरायचंय. भाचा म्हणतो तोपर्यंत मराठी टाइपरायटरचा कीबोर्ड मी स्वतः लिहून देतो. दादा म्हणतात, तू आधी वायवा दे.